वेताच्या अकरा खुर्च्या

मार्च लागला की आमच्या कार्यालयाच्या अंगात येतं. वर्षभर झोपलेल्या फायली उठून बसतात, जो तो कुणावर तरी खेकसत असतो, कूलरमध्ये नवा वाळा भरतात आणि त्याचा ओला वास लांब व्हरांड्यातून थेट माझ्या टेबलापर्यंत येतो. बाहेर कडुनिंब फुललेला असतो. आणि भांडाराच्या टेबलावर, म्हणजे माझ्याच, निर्लेखनाचा कोरा तक्ता येऊन पडतो. जुनं, मोडकं सामान सरकारी वहीतून कमी करायचं, त्याची यादी करायची, समितीच्या सह्या घ्यायच्या आणि मग आवारात जाहीर लिलाव करून सगळं विकून मोकळं व्हायचं. अमरावतीत काय, अकोल्यात काय, मार्चमध्ये कुठल्याही जुन्या कार्यालयाच्या आवारात डोकावा, कपाटं नि खुर्च्या उन्हात उभ्या असलेल्या दिसतील.

यंदा ती यादी करायला मी तीन दिवस भांडारात धूळ खात बसले. गजानन, आमचा शिपाई, दारात उभा राहून दात काढत होता.

"मॅडम, खुर्ची उलटी करून काय पाहून राहिल्या? अंडे देल्ले का तिनं?"

"तू पाय धर तिचे. बोलू नको."

एकेक वस्तू उलटी करायची, खालून हात फिरवायचा, मगच लिहायचं. वरच्या ओळीत जे लिहिलं तेच खाली असेल तर 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन रेघा मारायची आमच्याकडे पद्धत आहे. मी आता त्या रेघा मारत नाही. साहेब परवा म्हणाले, वंदना मॅडम, या हिशेबानं तर एप्रिल उजाडेल. उजाडू दे म्हणावं. माझं वेड मला ठाऊक आहे. ते मला दोन वर्षांपूर्वीच्या मार्चनं लावलं.

माझे बाबा आंधळे होते. लहानपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. ते स्वतः हे असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी शेजारी येऊन विळा मागून नेला असेल. त्यांचं काम सरकारी खुर्च्यांचा वेत विणण्याचं. त्या काळी हे काम आंधळ्या माणसांना द्यायचे. सागवानी खुर्चीच्या बैठकीला चारी बाजूंनी बोटबोट अंतरावर भोकं असतात. त्यातून ओल्या वेताच्या पट्ट्या आधी उभ्या ओढायच्या, मग आडव्या, मग दोन्हीकडून तिरप्या. वेत वाळला की आवळतो आणि जाळी अशी ताठ बसते की टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजावी. खुर्च्या वर्षभर फाटलेल्याच असायच्या. साहेब लोक खाली गाद्या घालून बसायचे. विणून घ्यायची आठवण मात्र मार्चमध्येच यायची, कारण शिल्लक राहिलेलं अनुदान संपवायचं असायचं. म्हणून आमच्या घरी सुगी मार्चमध्ये. त्या एका महिन्यात बाबांना श्वास घ्यायला फुरसत नसायची.

मार्चमध्ये आमची शाळा सकाळची व्हायची. अकरा वाजता सुटली की मी घरून डबा घेऊन ते जिथं असतील तिथं जायची. कधी कचेरीच्या व्हरांड्यात, कधी विश्रामगृहाच्या मागं, दर्यापूरला जायचे तेव्हा ते तिथंच मुक्काम करायचे, मग डबा नसायचा. बाजूला पाण्याची बादली, तिच्यात वेताची वेटोळी. भिजलेल्या वेताचा वास मला अजून सांगता येत नाही. नदीकाठचं गवत कुजायच्या आधी जसा वास सोडतं तसा काहीसा. बाबा भोकं मोजायचे ती बोटांनीच, पण मोठ्यानं. मी पट्टी हातात द्यायची. ती उलटी दिली की त्यांना लगेच कळायचं.

"पाठीकडून देल्ली तू. चमक खाली जाईन ना."

"तुम्हाले काय दिसते चमक?"

"मले नाई दिसत. बसणाऱ्याच्या बुडाले समजते."

आणि खुसखुसत राहायचे. जुनी जाळी काढण्याआधी तिच्यावर ते हात फिरवायचे, कुठं खचली आहे ते पाहायचे आणि त्या साहेबाची पत्रिका सांगायचे. हा उजवीकडे रेलते, म्हणजे खिडकीतून बाहेर पाहत बसते, काम नाही करत. हा पुढच्या काठावर बसते, म्हणजे याचा साहेब कडक आहे. जिल्ह्यातले सगळे साहेब मी बुडावरून ओळखतो, म्हणायचे. त्यांच्या थट्टेनं व्हरांड्यातले शिपाई पोट धरून हसायचे आणि मला लाज वाटायची. आंधळ्या वेतवाल्याची पोरगी म्हणवून घ्यायला मला लाज वाटायची, हे इथं एकदा लिहून टाकते.

त्यांची एक खूण होती. बाकीचे कारागीर शेवटचं टोक गाठ मारून तसंच कापायचे. बाबा ते दोनदा मागं वळवून घ्यायचे आणि अंगठ्यानं दाबून सपाट करायचे. बसणाऱ्यानं सहज खाली हात घातला तर त्याच्या बोटाला टोचू नये म्हणून. खुर्चीच्या खाली हात कोण घालतो, मी विचारायची. कोणी घालत नाही, पण घातला तर, असं ते म्हणायचे.

पुढं प्लास्टिक आलं, फिरत्या खुर्च्या आल्या, वेत बंद झाला. मी शिकले, नोकरीला लागले, बदल्या होत होत या कार्यालयात आले. नऊ वर्षं मी त्या इमारतीत बसत होते आणि बाबांनी तिथं कधी काम केलं होतं का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. काहून विचारलं नाही? खुर्च्या म्हणजे त्यांचा विषय होता, माझा नव्हता. मला वाटायचं, मी त्यातून बाहेर पडले.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, जे खावंसं वाटेल ते द्या. बाबा खाटेवर पडून असायचे. बोलणं तुटक झालं होतं, माणसं विसरायला लागली होती, पण हात चालू होते. चादरीचा काठ धरून दिवसभर त्यांची बोटं विणत असायची. उभं, आडवं, तिरपं. अंगठ्यानं दाबायची ती शेवटची खूणसुद्धा. मी जेवण भरवत असले तरी हात थांबायचे नाहीत. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाहवायचं नाही. मला उलट बरं वाटायचं, बोटं चालू आहेत तोवर बाबा आहेत असं मी धरून चालले होते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते एकदम स्वच्छ बोलले.

"वंदा, तुह्या हाफिसात पिंपळाकडचा लांब हॉल हाये ना?"

"हाये बाबा."

"तिथल्या अकरा खुर्च्या माह्या हायेत. तू सातवीत होती तवा. तवाच्या साहेबाले म्या सांगतलं होतं, चाळीस वर्सं याले काई होत नाई. टिकल्या असतीन?"

मी त्यांच्या उशाचा तांब्या भरून ठेवला.

"एखांदी आण ना घरी. हात लावून पाह्यतो. मंग काई नाई मागत."

 हॉलमधून कधीच्याच भांडारात गेलेल्या त्या अकरा खुर्च्या त्याच मार्चच्या यादीत होत्या आणि ती यादी मी केली होती. कशी केली होती तेही सांगते. भांडारात उंदीर, धूळ, बल्ब गेलेला. मी दारातूनच पाहिलं. समोरच्या खुर्चीची जाळी फाटून लोंबत होती. तिच्यामागं फायलींच्या गठ्ठ्यांखाली बाकीच्या दहा. टेबलावर येऊन मी लिहिलं, 'सागवानी खुर्ची, वेत तुटलेला, निरुपयोगी, दुरुस्तीयोग्य नाही.' आणि खालच्या दहा ओळींना दोन दोन रेघा. वरीलप्रमाणे. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. समितीनं सह्या केल्या, फळ्यावर नोटीस लागली, गुरुवारी लिलाव.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही. म्हणाले, मॅडम, कर्मचाऱ्याला नि त्याच्या घरच्यांना बोली लावता येत नाही, हे तुम्हीच नोटिशीत टाईप केलंय. मी म्हटलं, एक खुर्ची वगळता येईल का? ते म्हणाले, येईल की. कारण लिहून द्या. वेत तुटलेला नाही, आधीची नोंद चुकीची आहे, असं द्या लिहून, मी सही करतो.

एवढंच होतं. एक ओळ लिहायची होती, न पाहता लिहिलं म्हणून. पण मग दहाही ओळी चुकीच्या ठरल्या असत्या, समितीचं नाक कापलं गेलं असतं, मला ज्ञापन मिळालं असतं आणि पुढच्या वर्षी होणारी बढती लटकली असती. मी म्हटलं, बघते साहेब. आणि टेबलावर येऊन मार्चएंडची दुसरी फाईल उघडली. स्वतःच्या बापाची एक खुर्ची आणि स्वतःची बढती यात मी काय निवडलं ते मी निवडलं. त्याला आता कुठलं नाव देऊ?

गुरुवारी सकाळी सामान आवारात काढलं. पिंपळाची जुनी पानं सगळीकडे उडत होती. लिलावाला येणारे लोक पाहण्यासारखे असतात. भंगारवाले लोखंडाकडे पाहतात आणि लाकूडवाले लाकडाकडे. अलीकडे तिसरी जात आली आहे, 'अँटिक'वाली. पुण्या-नागपूरकडच्या हॉटेलांना नि फार्महाऊसवाल्यांना इंग्रजांच्या काळातलं फर्निचर हवं असतं. त्यातले अकोल्याचे रफिकभाई दरसाल येतात. पांढरी टोपी, खिशात एक किल्ली. किल्लीनं लाकडाला कुठं दिसणार नाही असा ओरखडा काढतात, बोट लावून वास घेतात, मेळघाटचा जुना साग आहे की नाही हे त्यांना तेवढ्यात कळतं. आणि जे घ्यायचं त्याच्याकडे कधी पाहत नाहीत. त्या दिवशी ते अर्धा तास एका मोडक्या कपाटाभोवतीच फिरत होते. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

बोली सुरू व्हायच्या आधी मी एक खुर्ची उलटी केली. धूळ पुसली. टोक दोनदा मागं वळवलेलं, दाबून सपाट केलेलं. दुसरी केली, तेच. तिसरीवर तळवा ठेवून दाबलं, सगळा भार टाकला, हलली नाही. टिचकी मारली तर वाजली. दहाच्या दहा धडधाकट. चाळीस वर्षं होत आली होती, त्यातली कित्येक उंदरांच्या सोबतीत गेली, आणि बाबांनी साहेबाला दिलेला शब्द तिथं उन्हात दहा वेळा खरा होऊन उभा होता. मी वर पाहिलं. साहेब माझ्याकडेच पाहत होते. मी खुर्ची सरळ केली आणि वही घेऊन जागेवर जाऊन बसले.

"सागवानी खुर्च्या, नग अकरा, निरुपयोगी," गजाननानं माझी यादी मोठ्यानं वाचली. एक वार, दोन वार. बोलीचे आकडे लिहून घ्यायचं काम माझंच होतं. अक्षर अजिबात हललं नाही, मी नंतर वही उघडून पाहिलंय. तीन वार झालं, रफिकभाईंच्या नावावर गेल्या. तेव्हा तरी उठून चारचौघांत म्हणायचं होतं, भाई, त्यातली एक मला द्या, माझ्या बापानं विणलीय. साहेब बसले होते, समिती बसली होती. मी कागदावरून रफिकभाईंचा नंबर टिपून घेतला. म्हटलं, रविवारी जाऊ निवांत. अकोला काही लांब नाही.

शुक्रवार, शनिवार मार्चएंड. फोन करायलाही सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं. फोनवर काय म्हणायचं ते सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांना सांगितलं, खुर्ची आणायला जाते. त्यांची बोटं चादरीवर क्षणभर थांबली, मग दुप्पट वेगानं चालू झाली. एसटीच्या खिडकीतून बडनेरा, मूर्तिजापूर, काळी उघडी रानं, मधूनच एखादा पळस. मी वाटभर ठरवत होते, खुर्ची खाटेला लावून ठेवायची, हात सोडायचे तिच्यावर, आणि आपण काही बोलायचं नाही.

रफिकभाईंचं गोदाम बाळापूरच्या रस्त्याला. पत्र्याचं शेड, आत उभं राहवेना इतकं तापलेलं. खुर्च्या मला लगेच दिसल्या. एकीत एक घातलेल्या, दोन उंच थप्प्या. एकीचे पाय दुसरीच्या बैठकीतून आरपार. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, बैठकीच नाहीत. चौकटी तेवढ्या होत्या.

"जाळी?" मी विचारलं.

"ती तर त्याच दिवशी कापली ताई, तुमच्याच गेटपाशी. जाळी ठेवली तर गाडीत हवा भरून न्या लागते. कापली की एकात एक बसते. आमचा कायदाच हाय हा. अन् वेत आता कोणाले पाह्यजे? हॉटेलवाले गादी मांगते."

मी खाली बसले. तिथंच, जमिनीवर. त्यांनी घाबरून पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं, कधी नव्हे ते सगळं. बाबा, सातवी, ती यादी, दोन रेघा. ते ऐकत राहिले. मग टोपी काढून कपाळ पुसलं.

"ताई, एक फोन करायचा होता. त्या गुरुवारी, जुम्मेरातलाच बोलल्या असत्या, तर मी जाळीसकट घरी पोचवली असती. अब्बाचं काम मी कापलं असतं का? एक इशारा करायचा होता."

मी विचारलं, कापलेला वेत कुठं आहे? निदान एक टोक. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. शेडच्या कोपऱ्यात त्यांच्या माणसांनी तीन विटांची चूल मांडली होती. चहा उकळत होता. जाळीचे तुकडे सरपणाला म्हणून गाडीतच टाकून आणले होते. वाळलेला वेत झटकन पेटतो. चुलीबाहेर मूठभर तुकडे उरले होते, ते मी गोळा केले. चहा झाला होता, त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि तो चहा मी प्याले.  

एक चौकट त्यांनी दिली, पैशाला हात लावला नाही. एसटीत कंडक्टर कुरकुरला, ह्या सांगाड्याचं काय तिकीट फाडू, म्हणाला. शेवटच्या बाकाजवळ ती ठेवली, तर मूर्तिजापूरला एका म्हातारबुवांनी तिच्या मधोमध आपलं गाठोडं सोडून दिलं. 

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. खुर्ची खाटेला लावली. बाबांचा हात धरून खुर्चीच्या हातावर ठेवला. बोटांनी पुढची गोलाई चाचपली, खालची खाच चाचपली. चेहरा उजळला. मी त्यांना वर्षभरात तसं पाहिलं नव्हतं.

"हेच हाये. हेच." मग हात आत वळला, बैठकीकडे. आणि खाली पडला. त्यांनी पुन्हा उचलला, काठावरून एकेक भोक मोजत गेले आणि पुन्हा मध्ये नेला. पुन्हा खाली पडला.

"जाळी कुठी गेली?"

मी खरं बोलू शकले असते. तेवढा वेळ होता. पण जे खरं होतं ती मीच केलेली यादी होती, ते त्यांना कसं सांगू? माझ्या तोंडून तेच निघालं जे मी आधी लिहिलं होतं.

"तुटली होती बाबा."

"अन् बाकीच्या?"

"त्याबी. सगळ्याच."

दोन रेघा पुन्हा मारल्या मी.  बाबांचा हात चौकटीवर तसाच होता.

"मंग म्याच कच्ची इणली," ते म्हणाले. "साहेबाले उगाच शब्द देल्ला."

हात त्यांनी ओढून घेतला आणि चादरीखाली घातला. त्या संध्याकाळपासून त्यांची बोटं थांबली. दुसऱ्या दिवशी मी चादरीचा काठ स्वतः त्यांच्या हातात दिला. धरला नाही. जेवण भरवलं तर जेवले, पाणी पाजलं तर प्याले. विहारातल्या बायका भेटायला आल्या, म्हणाल्या, बरं झालं, शांत झाले. मी घरभर ओरडत फिरावं अशी मला इच्छा होत होती.

चौथ्या दिवशी मी रजा टाकली. मार्चची शेवटची तारीख होती, साहेबांचा फोन येत राहिला, मी बंद करून ठेवला. खाटेशी बसले. अकोल्याहून आणलेल्या मूठभर तुकड्यांत एकच असा होता ज्याला ते टोक होतं, दोनदा मागं वळवलेलं, दाबलेलं. एका बाजूनं जळून काळं झालेलं. मी बाबांचा अंगठा धरला आणि त्या टोकावर ठेवला.

"बाबा, तुटली नव्हती. दहाच्या दहा चांगल्या होत्या. मी वरून भार टाकून पाह्यला, टिचकी मारून पाह्यली, वाजत होत्या. मीच न पाहता तसं लिहिलं होतं. तुमची चूक नाही. तुमी कच्ची नाही इणली. ऐकून राहिले ना बाबा?"

श्वास चालू होता. डोळे तर त्यांचे आयुष्यभर तसेच होते, त्यावरून काही कळायचं नाही. मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कानाशी सांगितलं. मग अंगठ्याकडे पाहत बसले. जरासा दाबला तरी मला पुरलं असतं. खाली व्हरांड्यात पोरं सकाळच्या शाळेतून परत येत होती, कुणाची तरी आई डबा धुवायला ओरडत होती. दुपार झाली, ऊन खाटेवर आलं, मी पडदा ओढला आणि परत येऊन बसले. अंगठा मी ठेवला तिथंच होता. तो हलला नाही.